राजकीय जाहिरातीत करिअर करावं का? (जाणकारांनो, अनुभव सांगा)

नवा_कॉपीवाला | सोमवार, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय, शुद्धलेखनावरून झोडू नका.

वय २७, पुण्यात एका छोट्या एजन्सीत कॉपीरायटर. आत्तापर्यंत बिल्डर, सोनार, मसाले आणि क्लासेस एवढंच लिहिलंय. "स्वप्नातलं घर आता तुमच्या आवाक्यात" हे वाक्य मी चार वेगवेगळ्या बिल्डरांना विकलंय, माफ करा. तर आता एका पॉलिटिकल कन्सल्टन्सीकडून ऑफर आलीये. पगार आत्ताच्या दुप्पट. काम म्हणे निवडणुका असतील तेव्हा प्रचार आणि नसतील तेव्हा सरकारी योजनांच्या जाहिराती, आरोग्य, पाणी वगैरे. पुढे क्रिएटिव्ह डायरेक्टर करू असं गाजर पण दाखवलंय.

घरी बाबा म्हणतायत की एकदा शिक्का बसला की बसला. मित्र म्हणतो घे, सगळे घेतात. मला कुणी आतलं माणूस सांगेल का की हे काम असतं कसं, पैसे बुडतात का, आणि नंतर परत साबण-बिस्किटांच्या जाहिरातीत जाता येतं का?

मिसळ विदाऊट तर्री | सोमवार, रात्री ११:२०

मी पयला.

बाकी पॉपकॉर्न घेऊन बसलोय, शंभरी गाठणार हा धागा.

कट्ट्यावरचा चहा | सोमवार, रात्री ११:४१

घ्या की राव. नाहीतरी तुमचे बिल्डर कुठं खरं बोलत होते.

सुगरण नसलेली | मंगळवार, सकाळी ८:०५

+१ चहाला. पण बाबांचं पण ऐका. माझा मामेभाऊ अशाच एका ठिकाणी होता, तीन महिने हॉटेलात कोंडून ठेवल्यासारखं काम, घरी आला तेव्हा सात किलो वाढला होता आणि कुठल्याही बातमीवर "हे आपणच केलं" म्हणायचा. एवढंच माहितीये मला.

जुना ब्रश | मंगळवार, सकाळी १०:३३

नव्या, या धंद्यात मी तीसेक वर्षं काढली, आता निवृत्त आहे आणि कुणाचं देणं लागत नाही, तेव्हा सांगतो. लांबण लागेल, चहा घेऊन बस.

वडील सांगलीत पेंटर. दुकानांच्या पाट्या, एसटीच्या मागच्या जाहिराती, आणि निवडणूक आली की भिंती. लहानपणी माझं काम गेरू कालवायचं आणि शिडी धरायची. त्या वेळी भिंत आधी "बुक" करायची पद्धत होती, म्हणजे चुन्यानं कोपऱ्यात पक्षाचं नाव आणि खाली "राखीव" लिहून जायचं, की दुसऱ्याचा पेंटर तिथं ब्रश लावायचा नाही. हे सगळे पाळायचे, कारण पेंटर गावात दोन-तीनच आणि सकाळी एका पक्षाची भिंत केली तोच संध्याकाळी दुसऱ्याची करायचा. वडिलांना कधी कुणी विचारलं नाही की तुम्ही कुणाचे. माझ्या डोक्यात या कामाची पहिली कल्पना तीच बसली, की आपण अक्षर काढायचं, मत ज्याचं त्याचं. ती चुकीची होती, पण ते पुढे येईल.

नंतर मुंबईला जे.जे. अप्लाइड आर्ट कॉलेजात आलो, हात बरा होता पण मित्रांपेक्षा मला लिहायलाच जास्त यायचं, म्हणून एजन्सीत मराठी कॉपीला लागलो. मराठी कॉपी म्हणजे काय तर संध्याकाळी सहाला इंग्रजी किंवा हिंदी मजकूर यायचा, आठला पेपरात पाठवायचा, मधल्या दोन तासांत त्याचं "मराठी करून द्या". राजकारणात तर हे अजूनच. दिल्लीत कुणीतरी हिंदीत छान यमक जुळवतो आणि इथं आपण त्याचं प्रेत उचलतो. "अब की बार" घ्या. आधी अटलजींच्या वेळी "अबकी बारी अटल बिहारी" होतं, २०१४ ला ओगिल्वी या जाहिरात कंपनीतले पीयूष पांडे आणि त्यांच्या टीमनं, म्हणजे तिच्याच सोहो स्क्वेअर एजन्सीनं, "अबकी बार मोदी सरकार" केलं. करा मराठी. "या वेळी मोदी सरकार"? मेलं की. ठेका गेला. आमच्या गल्लीतल्या पोरांनी ते सरळ हिंदीतच म्हटलं आणि तेच बरोबर होतं.

काम कसं असतं म्हणतोस, तर ऐंशी टक्के काम फोटोंचं. हसू नकोस. एका नगरपालिकेच्या निवडणुकीत मी होर्डिंगचा लेआउट केला, वर वरिष्ठ नेत्यांची रांग, मध्ये उमेदवार, खाली माझी ओळ. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ शाळेची पट्टी घेऊन आले. खरी, लाकडी, बारा इंची. त्यांनी प्रिंटआउटवर प्रत्येक नेत्याचं डोकं मोजलं आणि सांगितलं, आमच्या साहेबांचं डोकं एक सूत कमी आहे. ओळ कुणीही वाचली नाही. छापून लागली तेव्हा त्यात एक काना राहिला होता.

२०१५ च्या मेमध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की सरकारी जाहिरातीत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश सोडून कुणाचे फोटो नकोत. आम्हा लोकांना काय आनंद झाला! एकदम जागा मोकळी, ओळ मोठी करता येणार. दहा महिने. मार्च २०१६ मध्ये मुख्यमंत्री, राज्यपाल, मंत्री सगळे परत चौकटीत आले आणि आमची ओळ परत खाली सरकली.

पैशाचं सांगतो आणि हे पाठ कर. निवडणुकीचे पैसे मतदानाआधी. हरलेला फोन उचलत नाही आणि जिंकलेला ओळख दाखवत नाही. निम्मे ॲडव्हान्स, उरलेले फाइल द्यायच्या आधी. सरकारी काम उलटं, पैसे नक्की येतात पण तोवर तुझं लग्न होऊन मूल शाळेत जाईल.

बाकी नंतर लिहितो, हिला बँकेत न्यायचंय.

मिसळ विदाऊट तर्री | मंगळवार, सकाळी १०:५८

ब्रशकाका, वेगळा लेख करा हो याचा. "एक सूत कमी" खिक्क. वाचनखूण साठवली आहे.

ठाणेकर आजोबा | मंगळवार, दुपारी १:१५

भिंतींचा विषय निघाला म्हणून. "देवीचा रोगी कळवा, एक हजार रुपये मिळवा". आठवतंय का कुणाला? देवी म्हणजे स्मॉलपॉक्सचा रोग. सत्तरच्या दशकात रेल्वेच्या कडेला, शाळेच्या भिंतीवर, बैलगाडी जाईल तिथं तिथं हे रंगवलेलं होतं. मी ठाण्यात वाढलो आणि मला बरीच वर्षं वाटायचं की देवीच्या रोग्याला कळव्याला नेऊन ठेवतात. शेजारचं कळवा स्टेशन आलं की गाडीत नाक धरून बसायचो.

देवी गेली, पण ती अक्षरं भिंतीवर नंतर कितीतरी वर्षं होती.

जुना ब्रश | मंगळवार, दुपारी ४:४०

आजोबा, तुम्ही माझ्या सगळ्यात आवडत्या ओळीवर बोट ठेवलंत!

मी नंतर ज्युनिअर पोरांना हीच शिकवायचो. सात शब्द. कुणी करायचं, काय करायचं, काय मिळणार, सगळं आलं, आणि कळवा-मिळवा यमक फुकटात. कुठं "आरोग्य विभागाचा संकल्प" नाही, कुणाचं डोकं नाही. आणि त्यातली गंमत म्हणजे ही जाहिरात रोग बरा करायची नव्हतीच, रोगी शोधायची होती. मोहीम संपत आली तेव्हा लस कमी नव्हती, लपलेला रुग्ण सापडत नव्हता. म्हणून बक्षीस. आधी रक्कम कमी होती, जसे रुग्ण दुर्मिळ होत गेले तशी वाढवत हजारावर नेली, तेव्हाचे हजार म्हणजे मास्तरांचे दोन-तीन पगार. १९७५ च्या मेमध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला, १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. ओळ कुणी लिहिली कुणालाच माहीत नाही. माझ्या मते मराठीत आजवर झालेली ही सगळ्यात कामाची जाहिरात, आणि तिला एकही बक्षीस नाही.

तसंच "पाणी अडवा, पाणी जिरवा". "जिरवा" हा शब्द कुठल्या समितीनं पास केला असेल याचं मला अजून आश्चर्य वाटतं, कारण माझा अनुभव असा की समितीला बोलीतला शब्द दिसला की खाज सुटते. एका स्वच्छतेच्या मोहिमेत मी "संडास" लिहिलं होतं. लोक संडास म्हणतात म्हणून. पहिल्या बैठकीत त्याचं "शौचालय" झालं, दुसऱ्या बैठकीत "स्वच्छतागृह". मग एका गावात पाहणीला गेलो तेव्हा एक आजी ती पाटी बघून विचारत होत्या, हे कुणाचं घर बांधताय?

सुगरण नसलेली | मंगळवार, संध्याकाळी ५:०२

आजी 😂

आणि कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण? आमच्या गावच्या दवाखान्यावर इतका जुना होता की त्रिकोणाचा रंग उडून गुलाबी झालेला.

जुना ब्रश | मंगळवार, संध्याकाळी ५:३०

लाल त्रिकोण म्हणजे दीप त्यागी म्हणून केंद्राच्या कुटुंब नियोजन खात्यातल्या अधिकाऱ्याचं काम, साठच्या दशकातलं. उलटा त्रिकोण आणि चार हसरे चेहरे, वाचता न येणाऱ्या माणसाला पण कळेल असं. त्याच काळात, १९६८ मध्ये, निरोध, म्हणजे सरकारी कंडोम, बाजारात आला, चहा-साबण-सिगारेट पोचवणाऱ्या कंपन्यांच्या गाड्यांतून गावोगाव, पंधरा पैशाला तीन. म्हणजे नव्या, साबणवाले आणि सरकार यांचं गोत्र तेव्हापासून एकच आहे, त्यामुळे परत जाता येतं का या प्रश्नाचं उत्तर हो.

पण त्या त्रिकोणाचं पुढं काय झालं बघ. आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली आणि तोच हसरा त्रिकोण दिसला की लोक शेतात पळायला लागले. चित्र तेच, रंग तोच. १९७७ नंतर सरकारला "कुटुंब नियोजन" हे नावच टाकून "कुटुंब कल्याण" करावं लागलं. दहा वर्षं लोकांनी घासून घासून जे चिन्ह उजळलं ते दोन वर्षांत काळं झालं, आणि त्यात जाहिरातवाल्याची काडीची चूक नव्हती.

पेठेतला पाहुणा | मंगळवार, रात्री ९:१०

हे सगळं गोड गोड झालं. पण खरं बोला, जाहिरातीनं निवडणूक जिंकता येते का? २००४ ला इंडिया शायनिंग या जाहिरातीनं वाजपेयी सरकार पाडलं असं सगळे म्हणतात. मग पाडता येत असेल तर आणता पण येत असेल.

कट्ट्यावरचा चहा | मंगळवार, रात्री ९:१८

काडी टाकली पेठेनं.

जुना ब्रश | मंगळवार, रात्री १०:५०

पाडलं नाही हो. जाहिरातीनं कुणी पडत नाही. पण त्या केसमध्ये एक गोष्ट शिकण्यासारखी आहे.

इंडिया शायनिंग ही ग्रे वर्ल्डवाइड एजन्सीची, लिहिणारे प्रताप सुतन. आणि ती सुरू झाली पक्षाची म्हणून नाही, अर्थ मंत्रालयाची म्हणून. इंग्रजीत चांगलीच ओळ आहे, परदेशी गुंतवणूकदाराला दाखवायला उत्तम. मग ती हिंदीत "भारत उदय" झाली, पेपरात पानभर यायला लागली, टीव्हीवर आली आणि निवडणुका लवकर घ्यायचं ठरल्यावर तीच प्रचाराची ओळ होऊन बसली. म्हणजे माल एका गिऱ्हाइकासाठी शिवला आणि घातला दुसऱ्याला. काँग्रेसच्या बाजूनं काय आलं? "आम आदमी को क्या मिला?" त्यांनी नवीन काही लिहिलंच नाही! समोरच्यानं करोडो रुपये खर्चून विनोदाची पहिली ओळ देशभर पोचवली होती, यांनी फक्त दुसरी म्हटली. निकाल काँग्रेस १४५, भाजप १३८. बघा, सात जागांचा फरक, याला पाडलं म्हणायचं तर तमिळनाडू-आंध्रातल्या युत्यांचं काय करायचं.

मी तेव्हापासून एक सवय लावून घेतली. कुठलीही ओळ झाली की ती विरोधकाच्या तोंडानं म्हणून बघायची. मग टपरीवरच्या सगळ्यात कुजकट माणसाच्या तोंडानं. पुढं "मग आम्हाला काय?" जोडता आलं की ओळ फाडायची. २०१४ च्या विधानसभेला भाजपचं "कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा" आलं तेव्हा मी सवयीनं म्हणून बघितलं आणि म्हटलं मेले हे, याची टिंगल होणार. झालीच. व्हॉट्सॲपवर लोकांनी खड्डे, मेसची भाजी, बायकोनं आवरलेल्या कपाटातला शर्ट सगळ्याला ती ओळ लावली. पण टिंगल करताना प्रत्येक जण तीच ओळ म्हणत होता आणि तक्रारीच्याच सुरात म्हणत होता. १२२ जागा आल्या. तिथं मी चुकलो. टिंगल दोन प्रकारची असते, एक ओळीवर होते आणि एक ओळ घेऊन होते. हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली.

वकीलबुवा | बुधवार, सकाळी ७:४५

थोडं कायद्याचं, कारण धागाकर्त्याला उपयोगी पडेल. टीव्हीवरची राजकीय जाहिरात आधी निवडणूक आयोगाच्या समितीकडून प्रमाणित करून घ्यावी लागते, २००४ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशापासून. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास प्रचार बंद. पत्रक-पोस्टरवर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ क, नसेल तर गुन्हा. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, मोठ्या राज्यांत लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख, पण पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही. त्यामुळे बिल कुणाच्या नावानं फाडायचं हा प्रश्न आला की लगेच हो म्हणू नका.

एडिसनकर | बुधवार, सकाळी ८:३०

इकडे अमेरिकेत टीव्हीवरच्या जाहिरातीत उमेदवाराला स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागतं की मी अमुक आणि हा संदेश मला मान्य आहे. २००२ च्या कायद्यानं. त्यामुळे घाणेरडी जाहिरात बाहेरच्या संस्थांच्या नावानं येते ते सोडा, पण निदान कल्पना चांगली.

आणि २०१६ मध्ये ट्रम्पतात्यांनी आमच्यासाठी "अब की बार ट्रम्प सरकार" म्हटलेलं तुम्हाला आठवत असेलच. आईला फोनवर ऐकवलं तर ती म्हणाली, हा काय म्हणतोय, याला पाणी द्या.

कामाची गोष्ट म्हणजे इकडची सगळ्यात गाजलेली राजकीय जाहिरात. १९६४, जॉन्सन विरुद्ध गोल्डवॉटर. छोटी मुलगी फुलाच्या पाकळ्या मोजतेय, मग उलटी गणती, मग अणुस्फोट. ७ सप्टेंबरला एकदाच दाखवली, पैसे देऊन एकदाच, बाकी सगळं बातम्यांनी फुकट दाखवलं. आणि त्यात गोल्डवॉटरचं नावच नाही! तरी प्रत्येकाला कळलं कुणाबद्दल आहे.

पेठेतला पाहुणा | बुधवार, सकाळी ९:००

म्हणजे समिती असती तर पास झाली असती. शब्दात आक्षेपार्ह काहीच नाही.

ठाणेकर आजोबा | बुधवार, दुपारी १२:२०

यावरून १९८४ आठवलं. इंदिराजी गेल्या त्यानंतरची निवडणूक. पेपरात पानभर जाहिराती यायच्या काँग्रेसच्या, काटेरी तारेची चित्रं, देशाची सीमा तुमच्या दारात आणून ठेवायची का अशा अर्थाची. एक होती टॅक्सीवाल्याची. दुसऱ्या राज्यातल्या माणसाच्या टॅक्सीत बसताना तुम्हाला अस्वस्थ का वाटावं, असं काहीतरी. वरवर बघता एकतेचीच जाहिरात.

आमच्या चाळीच्या तोंडाशी एक सरदारजी टॅक्सी लावायचे. माझ्या आईला दवाखान्यात त्यांनीच नेलेलं, दोनदा, पैसे न घेता. त्या दिवसांत त्यांनी गाडी काढणंच बंद केलं. जाहिरातीमुळे नाही, दिल्लीत शिखांचं जे झालं त्यामुळे. पण तो पेपर आमच्या घरात होता आणि मी तो घडी करून आत ठेवला, ते आले तर दिसू नये म्हणून. शब्दात काहीच नव्हतं तर मी तो का लपवला?

जुना ब्रश | बुधवार, रात्री ११:५५

आजोबा, तुमची पोस्ट दुपारपासून चार वेळा वाचली.

त्या डिसेंबरात मी जे.जे.ला होतो. ती रिडिफ्यूजन एजन्सीची कॅम्पेन, भारतात एखाद्या एजन्सीनं इतकी व्यवस्थित केलेली पहिलीच राजकीय कॅम्पेन म्हणतात तिला. आम्ही ती पानं कापून वहीत चिकटवली होती. काटेरी तारेचा क्रॉप कसा केलाय, मथळा किती पॉइंटचा, पांढरी जागा किती. तासन्‌तास. टॅक्सीवाला म्हणजे कोण हे आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही, आणि आम्ही त्याच टॅक्स्यांतून फिरत होतो. वही अजून आहे माझ्याकडे.

आता माझं सांगतो, इतकं बोललोच आहे तर. शहर सांगत नाही, पक्ष सांगत नाही, मी सगळ्यांचंच काम केलंय त्यामुळे अंदाज लावू नका. वॉर्डाची निवडणूक, फार तर दीड-दोन हजार मतांचा खेळ. वॉर्डात गेल्या काही वर्षांत बाहेरची माणसं भाड्यानं राहायला आलेली, कुरबुरी चालू. क्लायंटनं ब्रीफमध्ये, म्हणजे काम समजावून देताना, काही वाईट सांगितलं नाही. म्हणाला, असं काहीतरी द्या की आपल्या लोकांना आपलं वाटेल. मी लिहिलं, "आपली गल्ली, आपली माणसं". बस. चार शब्द, खाली उमेदवाराचा फोटो, मागं ओट्यावर बसलेल्या बायका. मला तर ते प्रेमळच वाटलं होतं. नाही, हे खोटं. मला माहीत होतं. लिहिताना हात जरा थांबला होता आणि मग मी म्हटलं, यात आक्षेप घेण्यासारखं आहे काय?

कुजकट माणसाच्या तोंडानं म्हणून बघायची माझी सवय होती ना, तीही केली. पण मी ती ओळ विरोधकाच्या तोंडानं म्हटली. ज्याला त्या "आपली" मधून वगळलं होतं त्याच्या कानानं ऐकली नाही. निवडून आला आमचा माणूस. पैसे पण पूर्ण दिले, हे विशेष. पुढं वर्षभरानं दुसऱ्या कामाला त्या गल्लीत गेलो तर कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला नव्हता. त्याच्या जागी मोबाइलचं दुकान. फ्लेक्स उन्हानं पांढरा झालेला पण "आपली माणसं" वाचता येत होतं. इस्त्रीवाला भाडं वाढलं म्हणून गेला असेल, गावी गेला असेल, मी कुणाला विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

वडिलांच्या वेळी सकाळी एकाची भिंत, संध्याकाळी दुसऱ्याची, हे चाललं कारण भिंतीवर फक्त नाव आणि चिन्ह असायचं. ते नुसती अक्षरं काढायचे. मी मजकूर देत होतो. या दोन्हीला मी बरीच वर्षं एकच धंदा समजलो.

सुगरण नसलेली | गुरुवार, सकाळी ७:३०

काका, लिहिलंत हे बरं केलंत.

कट्ट्यावरचा चहा | गुरुवार, सकाळी ९:१५

एक विचारू? मग पोलिओ वगैरे करणारे आणि निवडणुकीचं करणारे वेगळे असतात का? म्हणजे नव्याला फक्त चांगलं-चांगलं काम मागून घेता येईल?

जुना ब्रश | गुरुवार, दुपारी १२:१०

नाही मिळत तसं वेगळं करून. पीयूष पांडेच घ्या, २०२५ च्या ऑक्टोबरात गेले. १९८८ च्या १५ ऑगस्टला दूरदर्शनवर आलेल्या "मिले सुर मेरा तुम्हारा"चे शब्द त्यांचे, संगीत आपल्या अशोक पत्कींचं, सुरुवातीला भीमसेन. म्हणे सतरा ड्राफ्ट परत आले, अठरावा पास झाला. पोलिओच्या जाहिरातीही त्यांच्या. आणि अबकी बार पण तिथलीच. एकच हात.

पोलिओचं सांगतो कारण त्यात धंद्याची अक्कल आहे. आधी अमिताभ गोड बोलून बोलावत होता, दो बूंद जिंदगी की, या बरं का. लोक ऐकून घ्यायचे आणि यायचे नाहीत. मग त्याला चिडायला लावलं. घरातला मोठा माणूस रागावतो तसा, की एवढं सांगतो तरी पोराला आणत नाही, लाज वाटत नाही? पांडे सांगायचे की बूथवर आलेल्या बाया म्हणत होत्या, अमिताभ रागावलेत म्हणून आलो. २०११ च्या जानेवारीत हावड्याला शेवटची केस, २०१४ च्या मार्चमध्ये प्रमाणपत्र. अर्थात रस्त्यावर थर्मास घेऊन फिरल्या त्या आशाताई आणि अंगणवाडीताई, जाहिरातीनं फक्त दार उघडून ठेवलं.

निवडणुकीचं काम सोपं आहे नव्या, कारण त्याला तारीख असते. निकाल लागला, सुटलास. पाणी, लस, संडास याला तारीख नसते आणि यश आलं तर काहीच घडत नाही, म्हणजे कुणी आजारी पडत नाही, त्याची बातमी होत नाही. मला जास्त मजा त्यातच आली. पण त्या कामाचं भाडं निवडणुकीच्या कामातून निघायचं, हेही खरं.

मिसळ विदाऊट तर्री | गुरुवार, दुपारी १२:४४

माझं मत विचाराल तर मराठीतली एक नंबर राजकीय कॉपी म्हणजे

ताई माई अक्का
विचार करा पक्का
अमक्यावर मारा शिक्का

शिक्का जाऊन बटण आलं, २००४ पासून सगळी लोकसभा मशीनवर, तरी रिक्षाच्या भोंग्यावर शिक्काच मारतायत अजून. बटणाला यमकच नाही च्यायला.

ठाणेकर आजोबा | गुरुवार, दुपारी १:०५

पटण, कटण, मटण.

मिसळ विदाऊट तर्री | गुरुवार, दुपारी १:०७

मटण चालेल. मतदानाच्या आदल्या रात्रीचं तेच खरं ब्रीफ असतं.

संपादक | गुरुवार, दुपारी २:३०

धाग्यावर पक्षांची नावं उदाहरणापुरती आहेत तोवर ठीक. कोण चांगलं कोण वाईट हे कृपया दुसरीकडे. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

नवा_कॉपीवाला | रविवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो. घेतली ऑफर. एचआरला विचारलं की मजकूर पटला नाही तर नाही म्हणता येईल का, तर ती म्हणाली "बघू या केस टू केस", ते मी मेलवर लिहून मागितलं, तिनं स्मायली पाठवली. ॲडव्हान्सचं पगारदाराला लागू होत नाही म्हणाले. बाबा बोलत नाहीयेत पण डबा दिला.

काल पहिला दिवस होता. मला वाटलं योजनेवर काहीतरी लिहायला देतील. सकाळपासून रात्रीपर्यंत एका फ्लेक्सवर सतरा फोटो बसवतोय. एक साहेब डावीकडून तिसरे आहेत, त्यांना दुसरे यायचंय. जे दुसरे आहेत ते हलायला तयार नाहीत. ब्रशकाका, काय करू?

जुना ब्रश | रविवार, रात्री १०:४१

दोन रांगा कर. दोघांनाही आपापल्या रांगेत दुसरा ठेव. आणि पाठवायच्या आधी डोकी मोज, पट्टी घेऊन, स्क्रीनवर नको, प्रिंट काढून.

नवा_कॉपीवाला | रविवार, रात्री ११:०९

दोन रांगा केल्या. आता सतरावे कुठल्या रांगेत बसवू?